पाचवी ते आठवीची शाळा उघडताना: नियोजन गेटबाहेरून सुरू करा

पाचवीत गेलेलं मूल बहुतेक घरांत पहिल्यांदाच एकटं शाळेला निघतं. चौथीपर्यंत आई नाहीतर आजोबा सोडायला येतात. पाचवीला शाळा बदलते, अंतर वाढतं आणि घरचे म्हणतात, "आता जा की तुझं तू." त्यामुळे अशी शाळा जूनमध्ये उघडली की आजूबाजूचे रस्ते, बसथांबे, टपऱ्या आणि नदीनालेही शाळेच्या वेळापत्रकात येतात. नाशिकमध्ये शाळा १५ जूनच्या आसपास उघडतात आणि पाऊसही त्याच सुमाराला डोकावतो. मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती आणि आसपासच्या सोसायट्यांनी मिळून काय करायचं, कधी करायचं आणि कुठे फसतं, ते खाली दिलं आहे.

यादी निकालाच्या दिवशीच करा

मूल कुठून आणि कशाने येतं, हे शाळेच्या जनरल रजिस्टरवरून कळत नाही. तिथला पत्ता बहुतेकदा आधार कार्डावरचा असतो. अंबड-सातपूरच्या भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या घरांच्या आधारवर अजून जळगाव-धुळ्याकडचं गाव नाहीतर थेट उत्तर प्रदेशातला जिल्हा असतो. म्हणून वेगळा कागद करा, पाच रकान्यांचा: नाव आणि इयत्ता, घराजवळची खूण (देऊळ, दवाखाना, पाण्याची टाकी), कशाने येतं (पायी, सायकल, रिक्षा, सिटीलिंक म्हणजे नाशिकची शहर बस, एसटी), कुठला मोठा रस्ता किंवा नाला ओलांडतं, बरोबर कोण असतं.

हा कागद भरायला सगळ्यात सोयीचा दिवस निकालाचा. पालक स्वतः येतात, रांगेत उभे असतात, हातात पेन असतं. मेमध्ये शिक्षक सुटीवर, पालक गावी, फोन बंद. जूनमध्ये करायला घेतलं तर यादी जुलैत हाती येते, तोवर निम्मा गोंधळ होऊन गेलेला असतो. पाचवीला नव्याने येणाऱ्यांसाठी हेच पाच रकाने प्रवेश अर्जाला चिठ्ठी म्हणून जोडा.

मग परिसराचा नकाशा छापून घ्या आणि शाळा मध्यभागी धरून ५०० मीटर, १ किलोमीटर, ३ किलोमीटर अशी तीन वर्तुळं काढा. शेवटचा आकडा उगाच घेतलेला नाही. शिक्षण हक्काच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत शाळा असावी असं धरलं आहे. तीन किलोमीटर म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या पायांना पाऊण तास. दप्तराचं वजन राष्ट्रीय धोरणाप्रमाणे सहावी-सातवीला २ ते ३ किलो आणि आठवीला २.५ ते ४ किलो असावं. त्यात लिटरभर पाण्याची बाटली टाकली की किलोभर वाढलंच, आणि जूनमध्ये रेनकोट वेगळा.

नकाशावर एका दिशेने १५ पेक्षा जास्त पायी मुलं दिसली की त्यांचा गट करा. आठवीचं एक मूल पुढे, एक मागे, भेटायची जागा आणि वेळ ठरलेली. पाच मिनिटांपेक्षा जास्त कोणासाठी थांबायचं नाही. मात्र द्वारका, मुंबई नाका, पाथर्डी फाटा अशा वर्दळीच्या चौकांत रस्ता ओलांडून देण्याची जबाबदारी आठवीच्या पोरावर टाकू नका. त्याच्या हात दाखवण्याने ट्रक थांबत नाही. तिथे मोठं माणूस लागतं: वाहतूक पोलीस, नाहीतर शिट्टी आणि चमकणारं जाकीट दिलेला पालक. वाहतूक शाखेला अर्ज देताना "शाळेच्या वेळेत" असं मोघम लिहिलं तर माणूस मिळणं अवघड. "सकाळी ६:४० ते ७:०५, दुपारी १२ ते १२:४०, संध्याकाळी ५:२० ते ५:५०, अमुक चौक, अंदाजे १८० मुलं पायी" असं लिहा. वेळ आणि आकडा दिसला की माणूस नेमणाऱ्याला हिशोब करता येतो.

वेळ ठरवताना

फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयानुसार पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवायचे नाहीत. लहानग्यांच्या झोपेसाठी हे चांगलंच. पण जिथे एकाच इमारतीत दोन सत्रं चालतात तिथे खोल्या तेवढ्याच राहिल्या, आणि सात वाजताची पाळी सरकून पाचवी ते आठवीच्या गळ्यात आली. आपली शाळा अशांपैकी असेल तर पुढच्या तीन गोष्टी तपासून मगच वेळ पक्की करा.

एक, शेजारच्या पाळ्या. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत पहिली पाळी सातची असते. साडेसहा ते सात या अर्ध्या तासात कंपनीच्या बसेस आणि दुचाकी धावत असतात, आणि सातची शाळा असली की मुलंही त्याच वेळी रस्त्यावर. प्रार्थना ७:१५ ला ठेवली तर गर्दीचं टोक टळतं. वेळ बदलताच येत नसेल तर गेट ६:४० ला उघडा, म्हणजे लवकर पोचलेली मुलं आत येतील, रस्त्याच्या कडेला घोळका करून उभी राहणार नाहीत.

दोन, जानेवारीतला सूर्य. जूनमध्ये नाशिकला सहाच्या सुमारास उजाडतं, त्यामुळे सातची शाळा कोणालाच खटकत नाही. जानेवारीत सूर्योदय सातनंतर होतो. पाऊण तास चालत येणारं मूल तेव्हा सव्वासहाला काळोखात निघतं. दारणाकाठच्या ऊसपट्ट्यात बिबट्याचा वावर आहे आणि तिथे हा प्रश्न सोयी-गैरसोयीचा राहत नाही. हिवाळ्याची वेगळी वेळ जूनच्या पहिल्या बैठकीतच ठरवून इतिवृत्तात लिहा. नोव्हेंबरमध्ये काढली तर रिक्षावाले काका म्हणतात, "आमच्या फेऱ्या लागल्यात," आणि विषय तिथेच संपतो.

तीन, तासांचा हिशोब. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला वर्षाला २२० दिवस आणि १००० तास अध्यापन धरलं आहे. म्हणजे दिवसाला साधारण ४ तास ३३ मिनिटं निव्वळ शिकवणं. सकाळी ७ ते १२:१० या सत्राची मिनिटं ३१०. त्यातून प्रार्थनेची १० आणि दोन सुट्ट्यांची मिळून ३० वजा केली की उरतात २७०, म्हणजे साडेचार तास. आधीच काठावर. गर्दी टाळायला "दहा मिनिटं लवकर सोडू" असं कोणी सुचवलं तर वर्षाला ३६ तासांहून अधिक जातात. ते करू नका.

पाचवीला मात्र सवड आहे. कायद्याच्या हिशोबात पाचवी प्राथमिकमध्ये येते आणि तिला २०० दिवस, ८०० तास, म्हणजे दिवसाला चार तास. त्यामुळे पाचवीच्या तुकड्या पंधरा-वीस मिनिटं आधी सोडता येतात आणि गेटवरची गर्दी तेवढ्याने हलकी होते. फसतं ते भावंडांमुळे. पाचवीतली धाकटी सहावी-सातवीतल्या ताईसाठी गेटबाहेर थांबते, घोळका तिथेच राहतो, उलट मोठं कोणी नसलेल्या मुलांचा घोळका होतो. थांबणाऱ्यांसाठी आतला व्हरांडा ठरवून द्या आणि पहिला आठवडा एक शिक्षक तिथे ठेवा.

गेट

घड्याळ घेऊन एकदा मोजाच. बहुतेक शाळा मोठ्या लोखंडी गेटची एकच बाजू अर्धवट उघडतात, कारण दुसऱ्या बाजूचा खालचा खिट्टा गंजलेला असतो. मीटरभर फटीतून दप्तर-छत्रीवाली मुलं बाहेर पडताना मिनिटाला ४० पडली असं धरलं, तरी ६०० मुलांना १५ मिनिटं लागतात. आता दुपारचं सत्र १२:२० ला भरतं असं समजा. सकाळची ६०० बाहेर येतायत, दुपारची ६०० आत जायला उभी आहेत, त्यांच्यामध्ये रिक्षा आणि सोडायला आलेल्या स्कूटी. वीस मिनिटांत बाराशे मुलं एका फटीवर. रस्ता शाळेच्या संख्येमुळे तुंबतो असं वाटतं, पण बऱ्याचदा तो त्या गंजलेल्या खिट्ट्यामुळे तुंबलेला असतो.

मे महिन्यात खिट्टा आणि बिजागऱ्या सोडवून, तेल घालून दोन्ही बाजू पूर्ण उघडतील असं करा. दुसरं गेट असेल तर एक आत येण्यासाठी, एक बाहेर जाण्यासाठी. नसेल तर मध्ये दोरी बांधून दोन वाटा करा. चुन्याची रेघ पहिल्या सरीत धुऊन जाते. गेटसमोरच्या गटारीवरचे ढापे हलतात का ते पाय देऊन पाहा आणि तुटलेले महापालिकेच्या विभागीय कार्यालयाला फोटोसह कळवा. पाणी साचल्यावर तुटलेला ढापा दिसत नाही. सिंहस्थाच्या कामांसाठी आसपासचा रस्ता उकरला असेल तर खड्ड्याभोवतीचा पत्र्याचा आडोसा शाळेच्या बाजूने कुठे संपतो ते बघा. मुलं नेमकी तिथूनच वाट काढतात.

रिक्षा आणि व्हॅनसाठी गेटपासून ५० पावलांवर उभं राहायची जागा आखा आणि तिथे चालकांची यादी शाळेकडे ठेवा: नाव, गाडीचा नंबर, मुलांची नावं. शालेय बस नियमावलीनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असायला हवी. तिची पहिली बैठक शाळा उघडायच्या आधी घ्या, रिक्षावाल्या काकांनाही बोलवा. जागा त्यांना विचारून ठरवली तर टिकते. आपण फक्त फलक लावला तर तिसऱ्या दिवशी ते पुन्हा गेटला चिकटतात, कारण लांब उभं राहिलं की पोरं दुसऱ्याच रिक्षात बसतात ही त्यांची खरी अडचण असते. त्यावर उपाय साधा: प्रत्येक रिक्षाला एक मोठा अंक, आणि तोच अंक मुलाच्या डायरीच्या पहिल्या पानावर.

आठवीतली काही मुलं स्कूटी घेऊन येतात आणि शाळेच्या आवाराबाहेर गल्लीत लावतात. अल्पवयीन मुलाने गाडी चालवल्यास पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून आहे. पालकसभेत हा आकडा मोठ्याने वाचून दाखवा. "जपून चालव" या सल्ल्यापेक्षा त्याचा उपयोग होतो.

शाळेपासून १०० यार्ड, म्हणजे ९१ मीटरच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला बंदी आहे. सुटीत तिथे नवी टपरी आली आहे का ते टेप धरून पाहा. चिंचा-बोरं आणि भेळवाल्यांना हाकलायची गरज नाही. त्यांना गेटपासून वीस पावलं, रस्ता ओलांडावा लागणार नाही अशा बाजूला बसवलं की घोळकाही तिकडे सरकतो.

बस आणि पास

पहिल्या आठवड्यात पास कोणाकडेच नसतो. पास मिळायला बोनाफाईड लागतं, बोनाफाईड मिळायला प्रवेश पक्का लागतो, आणि कार्यालयात लिपिक एकच. तोवर मुलं पूर्ण तिकीट काढतात किंवा घरी राहतात, आणि घरी राहणाऱ्यांत मुली जास्त असतात. ज्यांचा प्रवेश जुनाच आहे, म्हणजे सहावी ते आठवी, त्यांची बोनाफाईडं शाळा उघडण्यापूर्वी वर्गवार छापून सही-शिक्क्यासह तयार ठेवा. नव्या पाचवीची नंतर करा.

एसटीत विद्यार्थ्यांना मासिक पासवर ६६.६७ टक्के सवलत आहे आणि अहिल्याबाई होळकर योजनेत पाचवीपासून बारावीपर्यंतच्या मुलींचा प्रवास मोफत आहे. २०२४ पासून महामंडळाने पास शाळेतच देण्याची सोय सुरू केली. त्यासाठी शाळेने आगाराला यादी द्यावी लागते, आणि यादीवर मुलाच्या थांब्याचं नाव एसटीच्या नोंदीत आहे तसंच लागतं. वस्तीचं नाव लिहिलं की यादी परत येते. शहरात सिटीलिंकच्या फेऱ्या बघताना शाळा सुटल्यावर पहिली बस किती मिनिटांनी आहे ते पाहा. निमाणी किंवा सीबीएस बसस्थानकावर गाडी बदलून जाणाऱ्या मुलांची गाडी दोन मिनिटांनी चुकत असेल तर पुढची येईपर्यंत ती तिथेच फिरत राहतात. शाळेची वेळ पाच मिनिटांनी हलवणं हे बसचं वेळापत्रक हलवण्यापेक्षा सोपं आहे.

पाड्यावरची पाचवी

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीकडे प्रश्न वेगळा. पाड्यावरची जिल्हा परिषदेची शाळा चौथीला संपते आणि पाचवीसाठी दुसऱ्या गावाला जायचं, मध्ये ओहोळ. मे महिन्यात तो कोरडा असतो म्हणून नकाशावर कोणी दाखवत नाही. गावातल्या जाणत्याला विचारा: पाऊस लागला की पाणी कुठे चढतं आणि उतरायला किती वेळ लागतो? त्या पाड्यांची वेगळी यादी करा आणि ठरवून टाका की पाणी असेल त्या दिवशी मुलांनी पाड्यावरच्याच शाळेत बसायचं, अभ्यास फोनवर कळवला जाईल, हजेरी तिथले गुरुजी कळवतील. हे आधी ठरलं नसेल तर मुलं शाळा बुडेल म्हणून पाण्यात उतरतात.

जुलैत आवणी (भातलावणी) लागली की सहावी-सातवीच्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहतात. आवणीच्या दोन-तीन आठवड्यांत चाचण्या ठेवू नका आणि आवणीच्या आधी घरभेट करा. नंतर गेलात तर घरी कोणी सापडत नाही. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांना शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरात शिक्षण सुटू नये म्हणून शाळा देते ते) देऊन पाठवा. पलीकडच्या शाळेने लक्षात ठेवावं: दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये तसं स्पष्ट आहे.

ताट आणि पट

पोषण आहारात पहिली ते पाचवीला रोज माणशी १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य आणि ३० ग्रॅम डाळ. पाचवी ते आठवीच्या शाळेत हमखास होणारी चूक म्हणजे पाचवीलाही १५० ने गुणणं. पाचवीची १०० मुलं असतील तर रोज ५ किलोचा फरक, २४ दिवसांत १२० किलो, आणि तपासणीत तो सापडतोच. तांदळाची पोती फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर लांब ठेवा. जूनच्या ओलीत भिंतीला टेकलेलं पोतं आधी मागच्या बाजूने बुरशी धरतं.

पाचवी आणि आठवीची संख्या लगेच पक्की धरू नका. या दोन इयत्तांत वार्षिक परीक्षेत मागे पडलेल्यांना पुन्हा परीक्षेची संधी असते, तिचा निकाल लागेपर्यंत तुकड्या हलत राहतात. शिक्षकांची पदं ठरतात ती ३० सप्टेंबरच्या पटावर आणि आधार जुळलेल्या मुलांवर, त्यामुळे नावातली काना-मात्रेची चूक जुलैतच दुरुस्त करून घ्या.

पावसाची सुटी

गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदाघाटावर, जिच्यावरून पुराची पातळी ओळखतात त्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे सगळ्यांच्या नजरा लागतात. पंचवटीतून अलीकडे येणारी काही मुलं सवयीने सांडव्यावरून, म्हणजे नदीपात्रातल्या बुटक्या बांधावरून, येतात. पाणी चढायला लागल्यापासून त्यांनी होळकर पुलावरूनच यायचं, हे जूनमध्येच सांगून ठेवा, आणि गटाच्या पुढे चालणाऱ्या मुलाला ती वाट एकदा प्रत्यक्ष चालवून आणा. नासर्डी आणि वाघाडीच्या काठच्या वस्त्यांचंही तसंच.

जिल्हा प्रशासनाची सुटी जाहीर होते तेव्हा अनेकदा सकाळचं सत्र भरलेलं असतं. मुलांना तडकाफडकी सोडू नका. घरी कोणी नसतं आणि रिक्षाही आलेली नसते. आत ठेवा, रिक्षाचालकांना फोन करा, पायी गटांना मोठ्या माणसाबरोबर एकेक करून सोडा. दुपारच्या सत्राला निरोप ११ च्या आत पोचला पाहिजे, कारण साडेअकराला लांबची मुलं घराबाहेर पडलेली असतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या निरोपात वारासह पूर्ण तारीख, साल, सत्र आणि इयत्ता लिहा. "उद्या शाळेला सुटी" एवढाच निरोप पुढच्या पावसाळ्यात कोणीतरी पुन्हा पुढे पाठवतो आणि निम्मा वर्ग घरी बसतो.

शाळा उघडून आठ दिवस झाले की पाच रकान्यांची यादी पुन्हा वर्गात वाचा. पायी येणार म्हणून लिहिलेले बरेच जण तोवर रिक्षात गेलेले असतात, रिक्षातले काही सायकलवर आलेले असतात. सुधारलेल्या यादीची एक प्रत कार्यालयात ठेवा आणि एक गेटवरच्या वॉचमनकडे, प्लास्टिकच्या पिशवीत.